'बघू' रंगाची झेंडी

विद्याधर नगर, जयपूर
११ नोव्हेंबर २०२५

चिरंजीव संकल्प,

जय भीम. मी बरी आहे, गुडघे आपापल्या जागी आहेत, आणि पाकीट पाहून कुणी गेलं की काय अशी शंका तुला आली असेल तर ती काढून टाक. सगळे आहेत. नाहीस तो तू.

फोन का नाही केला म्हणशील. तुझ्या फोनला मी ओळखून आहे. वाजतो, वाजतो, मग तू म्हणतोस, "आजी, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो." आवाज भरून पाठवावा तर रूपाली सांगते की तू तो दीडपट वेगानं ऐकतोस. म्हणजे मी इथं एवढा जीव लावून बोलायचं आणि तिकडे बंगलोरात चिमणीसारखं चिवचिवायचं. म्हणून कागद. कागदाला 'नंतर बोलतो' म्हणता येत नाही, आणि तुझं मराठी वाचन पाहता तू तो अर्ध्या वेगानंच वाचशील.

लिहिते आहे तुझी बहीण. बसायला तयार नव्हती. मी म्हटलं, तुला त्याच्याशी बोलायचं नाही ना? नको बोलू. बोलते मी, तू फक्त हात चालव. तोंड एवढं करून बसली आहे.

(तोंड एवढं नाहीये. — रू.)

मध्येच काहीतरी खरडलं, म्हटलं वाचून दाखव. दाखवलं. राहू दे म्हटलं, गेल्या ऑगस्टात तू भांडून बंगलोरला गेलास, तेव्हापासून तुम्हा दोघांचं झालेलं एवढंच बोलणं.

आता कामाचं. परवा दुपारी जयंती आली होती. सांगानेरची, छपाईवाल्यांची मुलगी. कापड धुतल्यावर नाल्यात जाणारं रंगाचं पाणी टाकीत साफ करून परत वापरायला देणार म्हणत होती, तीच. खाली तुम्हा दोघांच्या 'सोबत'च्या ऑफिसला कुलूप, म्हणून वरची घंटा वाजवली. मी दार उघडायच्या आत पाया पडली आणि "दादीजी, थंडी आ गई" म्हणत माझ्या हातात रजाई ठेवली. हलकी, निळ्या बुट्ट्यांची, तिच्या बापाच्या ठशांची. मी विचारलं, बाई, हे कशाबद्दल? तर म्हणाली, "संकल्पजींनी जूनमध्येच सांगितलं, हो जाएगा. कागदपत्रांना वेळ लागतो, मला माहीत आहे. मी घाई करायला नाही आले."

संकल्प, जूनमध्ये तुम्ही दोघं माझ्या स्वयंपाकघरात बसला होतात. जयंतीच्या धंद्यात पैसा घालायला रूपाली 'नाही' म्हणाली होती, कारण देऊन. तू आधी चिडलास, मग मानलंस, आणि म्हणालास, "मी तिला आणलंय, मीच सांगून येतो." गेलास. आलास. "सांगितलं," म्हणालास. माझे हात पिठात होते, लेका, कान नव्हते.

मग काय सांगितलंस?

रजाई मी घडी करून कपाटावर ठेवली आहे. 'हो' समजून आणलेली वस्तू 'नाही' ठरलेल्या घरात पांघरता येत नाही. रात्री पाय गार पडतात. त्याचा दोष कुणाला द्यायचा ते तूच ठरव.

तुला आठवत असेल, 'सोबत' काढलीत तेव्हा तू जाडजूड इंग्रजी कागद घेऊन आला होतास. लोकांकडून भांडवल घ्यायचं, नव्या पोरांच्या धंद्यात लावायचं, धंदा फुलला तर सगळ्यांचं भलं, बुडाला तर सगळ्यांचं नुकसान, एवढंच सांगायला एवढी पानं. मी म्हटलं होतं, तव्यावरची भाकर पलटेपर्यंत सांग. तेवढ्यात सांगता आलं नाही तर तुलाच कळलेलं नाही. भाकर करपली. दुसरीही करपली. तिसरीला तुम्ही दोघं मिळून सांगितलंत: वर्षाला चारच धंदे, कारण पाचव्याच्या घरी जाऊन बसायला वेळ उरणार नाही. दोघांचं 'हो' असेल तरच हो. आणि 'नाही' असेल तर आठवड्याच्या आत, त्यांच्या जागी जाऊन, तोंडावर, कारणासकट, आणि ज्यानं माणूस आणला त्यानंच.

ती भाकर मी तुम्हाला खायला दिली होती. चांगली झाली होती.

उत्तर पाठव. बाकी सगळं ठीक.

तुझी आजी


२९ नोव्हेंबर

संकल्प,

उत्तर पोचलं, तेही रूपालीच्या फोनवर. "आजी को बोलना रूपाली बता देगी." एक ओळ. माझं पत्र दोन्हीकडून भरलेलं, तुझी एक ओळ, आणि तीही हिंदीत. तुझ्या बापाला आम्ही रेल्वेच्या शाळेत घातला, बापानं तुला मोठ्या शाळेत घातला, त्याचं फळ हे.

रूपाली सांगणार नाही. ती म्हणते, आणणारा सांगतो, हा नियम आहे. तू म्हणतोस, ज्यानं 'नाही' म्हटलं त्यानं सांगावं. तुम्ही दोघं दोन बाजूंनी नियमाला धरून ओढताय आणि मधोमध ती बाई उभी आहे, हो जाएगा म्हणत.

(नियम आहेच तसा. — रू.)

गप्प लिही.

दुसरं. मागच्या पत्राचा फोटो रूपालीच्या फोनमध्ये होता. तो मी शेजारच्या विनयाला वाचायला लावला. तिला ओळखतोस, हॉस्पिटलातली, पुण्याची; घसा तपासल्यासारखं पत्र वाचते. तिनं शेवटी वाचलं, "बाकी सगळं ठीक." मी म्हटलं, थांब, परत वाच. कारण त्या जागी मी भलतंच सांगितलं होतं. मी सांगितलं होतं की मुंबईची मोठी कंपनी 'सोबत' विकत घ्यायला आली आहे. ते पोरीनं खाल्लं आणि वर 'ठीक' लावलं. मला अक्षरं येत नाहीत म्हणून मी काही उधारीवर जगत नाही. एक लिहितो, दुसरा वाचतो, दोघांनाही ठाऊक असतं की तिसरं कुणी ऐकतंय. आता आज लिहिलेलं विनया लगेच वाचणार आहे. समोरच बसली आहे, शेंगा सोलते आहे.

तर मुंबईवाला. बरा होता. चहात साखर नको म्हणाला, स्वच्छ, एका शब्दात. मला आवडलं. म्हणाला, "दादीजी, वर्षाला चार धंद्यांत काय होणार? आम्ही चाळीस करू. पस्तीस बुडतील, पाच तारतील." मी विचारलं, बुडालेल्या पस्तिसांना जेवायला कोण बोलावतं? त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. त्याला काय माहीत, आपल्याकडे धंदा बुडाला तर त्या माणसाचं पहिलं जेवण आपल्याकडे असतं. उंटाच्या दुधाचं आइसक्रीम काढणारा बापू आठव. दुकान बंद केलं त्या दिवशी इथं बसून पिठलं-भाकर खाल्ली, नाक पुसलं, आणि आता तोच नव्या पोरांना विचारतो, "बिजली गेली तर माल कुठे ठेवशील?" चाळिसांत असा एक सापडणार नाही, कारण त्यांचं 'नाही' म्हणे कम्प्युटर पाठवतो. दोन ओळी, खाली सही पण नाही.

तू हल्ली तसल्याच ठिकाणी काम करतोस ना? म्हणून नेऊन बसवलं असेल तुला. 'नाही' म्हणायचं काम मशीन करतं, तू सुटलास.

आता ऐक, रूपालीनं त्याला काय सांगितलं. "बघते."

तुझे आजोबा गुलाबराव मालगाडीचे गार्ड होते. त्यांच्याकडे दोन झेंड्या, हिरवी आणि लाल. 'बघू' रंगाची झेंडी रेल्वेनं कुणाला दिली नाही. दिली असती तर मुर्तिजापूरपासून जयपूरपर्यंत एक गाडी धड पोचली नसती. आणि त्याच माणसाची नातवंडं तुम्ही, एक म्हणतो हो जाएगा, दुसरी म्हणते बघते.

विनया म्हणते, आजी, पोरीच्या बाजूनंही लिहा. लिहिते. तू गेल्यापासून 'सोबत'नं कुणाला 'हो' म्हटलेलं नाही, कारण दुसरं 'हो' बंगलोरात आहे. 'नाही' पण म्हटलेलं नाही. खाली टेबलावर नव्या पोरांचे कागद साचलेत आणि ही त्यांच्याकडे बघून दार लावून घेते. एकटीनं ओढून थकली, म्हणून 'बघते' निघालं तोंडातून. विकली तर हिला पगार मिळेल, पाटीवरचं नावही राहील. फक्त भाकरीवर ठरलेलं जाईल.

विकायला तुझीही सही लागते. तो माणूस तुझ्याकडेही येईल. तेव्हा काय करशील ते मला कळवू नकोस. कर.

पैसा घातलेल्यांची सभा संक्रांतीनंतरच्या रविवारी आहे, अठरा जानेवारीला. ते पुढच्या वर्षांसाठी भांडवल घालतील, पण दोघं उभे असले तर. एकट्या रूपालीला ते फुलं देतील, भांडवल नाही.

आजी

(सगळं लिहिलं आहे. विनयाताईंनी वाचलं. — रू.)


१४ डिसेंबर

संकल्प,

तू काही बोलत नाहीस, म्हणून मी सांगानेरला जाऊन आले.

रूपालीला सांगितलं नाही. सहा तारखेला विहारात गेले होते, तिथं विहाराचं काम बघणाऱ्या राजरत्नची बायको भेटली, तिचा ऑटोवाला ओळखीचा. दुसऱ्या आठवड्यात त्यालाच बोलावला. डब्यात माझी भाकर आणि मिरचीचा ठेचा घेतला. का, ते पुढे कळेल. हे रूपालीला आत्ता लिहिता लिहिता समजतं आहे.

(आजी, ऑटोनं? एवढ्या लांब? — रू.)

ऑटोनं. विमान त्या बाजूलाच उतरतं म्हणून काही विमानानं जायची गरज नव्हती.

जयंतीचं घर आणि कारखाना एकच. पुढच्या दारात छापलेल्या कापडाची लांब थानं वाळत घातलेली, मागच्या दारी नाला. त्या दिवशी नाला निळा वाहत होता. ती म्हणाली, काल लाल होता, दादीजी, उद्या विचारा. तिचा बाप लाकडाचे ठसे कापडावर मारत होता, दर ठशाला एक थाप. तिनं मला अंगणातली जागा दाखवली, खड्डा खणून ठेवलेला. टाकीचा. तुझ्या शब्दावर खणलेला खड्डा मी पाहिला, त्यात पाणी साचलं आहे आणि त्यात बकरीचं पिल्लू पडलं होतं, निघालं म्हणे.

मग तिनं थाळी आणली. दाल, बाटी, वर तुपाची धार, आणि गोडाला चूरमा. मी म्हटलं, मी डबा आणला आहे. तिचं तोंड पडलं. मी म्हटलं, बाई, राग मानू नको, आमच्या घरात तुपाचा गुण वाईट आहे. तुमचं तूप खाल्लं की आमची जीभ वळत नाही.

ती हसली नाही. चटकन समजली. थाळी खाली ठेवली आणि म्हणाली, "संकल्पजींनी चूरमा चार वेळा घेतला होता."

मग तिनं सगळं सांगितलं. तू आलास. बसलास. पाणी, मग चहा, मग जेवण. तिची आई वाढत होती, बाप पंखा हलवत होता. तू दोनदा "वो ऐसा है" असं म्हणालास, आणि दोनदा आईनं वाढलं. जाताना दारात जयंतीनं विचारलं, तो अपना काम? आणि तू म्हणालास, "हो जाएगा जी."

लेका, मी इथं हसले. आणि नंतर हसू थांबलं, कारण तिनं पुढचं सांगितलं. पावसाळ्यात अजमेरचा एक व्यापारी तिच्या कामात भागीदार व्हायला तयार होता. तिनं त्याला तोंडावर 'नाही' सांगितलं. कारण दिलं: माझं 'सोबत'शी ठरलं आहे. तिनं तुझ्यापेक्षा बरं 'नाही' म्हटलं, आणि तुझ्या 'हो'वर म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "नहीं है ना, दादीजी?"

मी काय सांगणार? 'सोबत'मध्ये माझं मत नाही. तुम्हीच ठरवलं होतं, आजीला भाकरीचा हक्क, मताचा नाही. आणि मी सांगितलं असतं तर तू सुटला असतास. मी तिला एवढंच म्हटलं: आमच्यावर थांबू नको. बाकीचं सांगणारा येऊन सांगेल.

"कब?"

सभेच्या आधी, म्हटलं.

हे मी तुझ्या नावानं कबूल करून आले आहे. मी 'हो जाएगा' म्हणाले नाही, 'येईल' म्हणाले. माझा शब्द कसा असतो, तुला ठाऊक आहे. रेल्वे कॉलनीत मी बायकांची भिशी चालवली, सगळा हिशोब डोक्यात. स्टेशन मास्तरच्या बायकोला मी तिच्या अंगणात उभं राहून 'नाही' सांगितलं होतं: बाई, तुझ्या हातातलं तुझा नवरा काढून घेतो, आधी त्याचा बंदोबस्त कर. वर्षभर बोलली नाही. मग भावाला जामीन म्हणून घेऊन आली, भिशीत बसली, आणि माझ्या प्रत्येक बाळंतपणाला शेवयाची खीर तिच्याकडूनच आली. 'नाही'नं माणूस जात नाही. लटकवून ठेवलं की जातं.

रूपाली आत्ता लिहायची थांबली आहे आणि खिडकीबाहेर बघते आहे. बाहेर काही नाही, समोरच्यांची कार आहे.

आजी


२ जानेवारी २०२६

संकल्प,

थोडक्यात सांगते, थंडीनं बोटं लिहिणारीची आखडलीत, माझी जीभ नाही.

सिव्हिल लाइन्सच्या एका बड्या सरकारी साहेबांच्या बंगल्यातून घेवराचा डबा आला. पावसाळ्यात, तिजेला खायचं ते गोड, आणि या दिवसांत, विचार कर. बरोबर निरोप, साहेबांच्या पुतण्याचा काहीतरी धंदा आहे, 'सोबत'नं बघावा. घेवर मी खाल्लं, आणि रूपालीनं त्याच संध्याकाळी बंगल्यावर जाऊन सांगितलं, नात्याच्या आणि खुर्चीच्या जोरावर आलेला धंदा आम्ही घेत नाही. पहिल्यांदाच एकटी गेली होती. परत आली तर गाल लाल, पाठ सरळ. म्हटलं, जमतंय की तुला. तर म्हणाली, "हे सोपं होतं आजी. हे दोघांचं आधीच ठरलेलं होतं."

ऐकलंस?

मी चहा ठेवायला जाते. ही म्हणते, खाली जरा जागा उरली आहे, मी काही लिहू का. लिही म्हटलं. विनयाला वाचायला देणार नाही.

दादा, आजी आत गेली आहे. मेरी मराठी अशीच आहे, समजून घे. त्या ऑगस्टमध्ये तू म्हणालास, तुझं 'नाही' मागे घे म्हणजे मला जयंतीला सांगावं लागणार नाही. मी घेतलं नाही, आणि अजूनही घेणार नाही. तिच्या गल्लीतल्या एकाही छपाईवाल्यानं नळ जोडायला एक रुपया दिला नव्हता. पण मी तेव्हा असं पण म्हणाले होते की तुला हा धंदा कळतच नाही. ते खोटं होतं. बापूला तू आणलास. बापूच्या बुडण्यातून आपण जेवढं शिकलो तेवढं कशातूनच नाही. मुंबईवाल्याला मी 'बघते' म्हणाले कारण 'नाही' एकटीनं म्हणायची सवय नाही. अठराला ये. किंवा येणार नसशील तर तसं लिही, कारणासकट. मतलब, बघतो म्हणू नकोस. — रूपाली

चहा झाला. काय लिहिलं विचारलं नाही. नाक लाल आहे, थंडीचं म्हणते.

आजी


२० जानेवारी

चिरंजीव संकल्प,

जय भीम. हे अक्षर तुझंच आहे, दचकू नकोस. पत्र तुलाच आहे, तूच लिहितो आहेस, आणि उद्या तूच पोस्टात टाकणार आहेस, बंगलोरच्या पत्त्यावर. तू पोचशील, दोन-चार दिवसांनी हे पोचेल. तेव्हा तुला गरज पडेल, म्हणून.

(आजी, मी इथेच बसलो आहे. समोर. — सं.)

माहीत आहे. लिही.

तू शुक्रवारी आलास. दारात उभा राहिलास आणि बहिणीनं तुझी बॅग घेतली, तुला घेतलं नाही. मग बॅग आत ठेवून परत आली आणि तुला घेतलं. तेवढं पुरे, त्यावर जास्त लिहीत नाही, तू रडून शाई पुसट करशील.

शनिवारी आपण तिघं सांगानेरला गेलो. रजाई मी बरोबर घेतली होती, परत द्यायला. मला अंगणातल्या खाटेवर बसवलंत, वाळत्या थानांच्या आड. तुम्हाला वाटलं मला ऐकू येत नाही. थानं पातळ होती, ऐकूही येत होतं आणि दिसतही होतं.

जयंतीच्या आईनं थाळी आणली. तू हात जोडलेस आणि म्हणालास, "आधी बोलतो, मग जेवतो." मी आडून ऐकलं आणि म्हटलं, आता हा गुलाबरावांचा नातू.

मग तू सांगितलंस. जूनमध्येच 'नाही' ठरलं होतं. मी सांगायला आलो आणि सांगितलं नाही. त्यात तुमचा अजमेरचा भागीदार गेला, तो माझ्यामुळे गेला. आणि मग कारण सांगितलंस, जे रूपालीनं तेव्हाच दिलं होतं आणि जे तिच्यापर्यंत कधी पोचलंच नाही: गल्लीतल्या ज्या छपाईवाल्यांना तुम्ही गिऱ्हाईक धरलं, त्यांनी फक्त 'हो जाएगा' म्हटलं होतं. नळ कुणी जोडला नाही, पैसा कुणी ठेवला नाही.

जयंती म्हणाली, "आणि तुम्ही पण हो जाएगाच म्हणाला होता."

तू म्हणालास, "म्हणूनच सांगतोय. माझ्यासारख्यांच्या शब्दावर टाकी बांधू नका."

तिच्या बापानं पुढचा ठसा मारला. मग जयंतीनं तुझ्यासमोरची थाळी उचलली आणि आत नेली. मला वाटलं, गेलं जेवण. पण घेऊन आली परत. दाल होती, बाटी होती. चूरमा नव्हता. तू खाली मान घालून सगळं संपवलंस. त्याहून स्वच्छ निकाल मी आयुष्यात पाहिला नाही.

रजाई तिनं परत घेतली नाही. "दादीजी, ये आपके लिए थी, सोबत के लिए नहीं." आता मी ती पांघरते. पाय गरम असतात.

काल तिचा रूपालीला फोन आला. गल्लीत दारोदार फिरली, म्हणाली, 'हो जाएगा' नको, हो किंवा नाही सांगा. निम्म्यांनी तोंडावर नाही सांगितलं. उरलेल्यांनी पैसे ठेवले. टाकी लहान होणार, खड्डा अर्धा बुजवायला लागला आहे. नवा कागद घेऊन येईल तेव्हा तुम्ही दोघं कोऱ्या मनानं ठरवा. मला विचारू नका, माझं मत नाही.

रविवारी सभेत मुंबईवाला पण आला होता. तुम्ही दोघं त्याच्यासमोर जाऊन उभे राहिलात आणि 'नाही' म्हणालात, आधी रूपाली, मग तू, मग कारण. त्यानं मान हलवली, बिनसाखरेचा चहा प्यायला आणि म्हणाला, "आमच्याकडे असं कुणी सांगत नाही." जाताना माझ्या पाया पडला. सभेतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तुला विचारलं, तू होतास कुठे? तू म्हणालास, "पळून गेलो होतो." सगळे हसले आणि पुढच्या वर्षांचं भांडवल घातलं. बापूनं तर सर्वांत आधी. ज्याचं बुडालं त्यानं सर्वांत आधी, हे बंगलोरात कुणाला सांग, विश्वास ठेवणार नाहीत.

इथपर्यंत सगळं चांगलं झालं. आता काल संध्याकाळचं लिही.

(तेही लिहायचं? — सं.)

तेच तर लिहायचं आहे.

काल संध्याकाळी तू माझ्याजवळ येऊन बसलास. म्हणालास, "आजी, मी आता जातच नाही. इथूनच बंगलोरच्या साहेबांना राजीनाम्याचा मेल टाकून देतो." रूपाली तोंड उघडणार तेवढ्यात मी सांगितलं: नाही. तोंडावर, त्याच क्षणी, आणि कारणासकट. त्या माणसानं तुला विश्वासानं ठेवून घेतलं आहे. तुझ्याही हाताखाली दोन माणसं आहेत, ती तुझी वाट बघत असतील. तू त्यांना मेलमध्ये 'नाही' पाठवणार, तर मग त्या कम्प्युटरात आणि तुझ्यात फरक काय राहिला?

तुझं तोंड पडलं. म्हणालास, "बरं, जातो." रूपालीनं तिकीट काढलं, आणि परतीचंही काढलं, दोन्ही एकदम.

म्हणून हे पत्र. तू बंगलोरला पोचलास की पुन्हा मऊ पडशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. साहेब चांगला आहे म्हणतोस, चांगल्या माणसाला सांगणं जास्त अवघड जातं. तेव्हा हे पाकीट उघड, आपलंच अक्षर बघ, आणि लक्षात ठेव की हे सगळं तू आधी एकदा केलेलं आहेस, वाळत्या थानांच्या अलीकडे, म्हातारी ऐकत असताना.

साहेबाच्या घरी जा. ऑफिसात नको, घरी. सांग, मला जायचं आहे, आणि का जायचं आहे ते सांग. कामाची माणसं मध्येच लटकवून येऊ नकोस, ज्याला जे द्यायचं ते देऊन ये. आणि साहेबाच्या बायकोनं ताट वाढलं, तर ताटाला हात लावायच्या आधी सांग. मग जेव. गोड नाही वाढलं तर बिनगोडाचं जेव.

इकडे रूपाली खालचं कुलूप काढून टेबलावरचे कागद लावते आहे. दोन ढीग करते आहे. एक तुझा आहे.

आजी